हिरव्या सिग्नलची आठ मिनिटं

गाडी पुलावर येते तेव्हा पुलाने आपल्या जागी असावं, एवढीच तिची अपेक्षा असते. ती इतकी साधी आहे की पुलाला तसं कुणी विचारतही नाही. २२ सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात रेल्वेचा एक पूल जागेवरून सरकला. तो सरकल्याचं आठ मिनिटं कुणालाच कळलं नाही. ती आठ मिनिटं कशी तयार झाली हे पाहायचं, तर घड्याळ बरंच मागे न्यावं लागतं.

१४० वर्षं आधी : तांबडा गोळा

६ मे १८५३, कनेटिकट राज्यातलं नॉरवॉक गाव. तिथल्या नदीवर रेल्वेचा उघडता पूल होता. खालून बोटी जायच्या, वरून गाड्या. एकाला वाट द्यायची तर दुसऱ्याला थांबवणं भाग. त्यासाठी पुलाजवळ एक उंच खांब आणि त्यावर चढवायचा तांबडा गोळा होता. गोळा वर दिसला तर पूल जोडलेला आहे, गाडीने यावं. गोळा दिसला नाही तर थांबावं.

त्या सकाळी ‘पॅसिफिक’ नावाच्या आगबोटीला वाट देण्यासाठी पूल उघडला होता. गोळा वर नव्हता. येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने ते वेळेत पाहिलं नाही आणि गाडी पुलाच्या उघड्या तोंडातून पाण्यात गेली. ४६ माणसं दगावली.

अपघात झाला, पण गोळ्याची पद्धत अडाणीपणाची नव्हती. खूण असली तर या, नसली तर थांबा. दोर तुटला, गोळा खाली पडला, पुलावरच्या माणसाला डुलकी लागली, तरी गाडीला निरोप एकच मिळणार : थांब. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूला झुकला पाहिजे, हे रेल्वेचं तत्त्व या गोळ्यात आधीपासूनच होतं. कमतरता होती ती बघणाऱ्या डोळ्यांची.

१२१ वर्षं आधी : रुळांतली वीज

१८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका युक्तीचं पेटंट घेतलं. रेल्वेत तिला ट्रॅक सर्किट म्हणतात. रुळांच्या एका टप्प्यात एका टोकाला बॅटरी लावायची, दुसऱ्या टोकाला रिले. मंद वीज एका रुळातून जाते आणि दुसऱ्यातून परत येते. ती वाहत असली की रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा असतो. त्या टप्प्यात गाडी आली की तिची चाकं आणि आस मिळून दोन्ही रूळ मधेच जोडतात. वीज रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली तरी लाल, तार तुटली तरी लाल. रूळ तुटला तरीही लालच, कारण वाटच तुटलेली असते.

तांबड्या गोळ्याचं तत्त्व आता विजेत उतरलं होतं. खांबावर माणूस नको, दोर नको, डुलकी नाही. रुळावर गाडी आहे का आणि रूळ अखंड आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं ही वीज रात्रंदिवस देत राहते. जगभरच्या रेल्वेंनी ही युक्ती उचलली. आपल्याकडेही ती आहे. तिच्यामुळे किती गाड्या वाचल्या त्याची गणती नाही.

मात्र ती उत्तरं देते ती त्या दोनच प्रश्नांची. तिसरा प्रश्न तिला कुणी विचारलेला नाही.

८४ वर्षं आधी : कधीच न फिरलेला पूल

अलाबामाच्या दक्षिण टोकाला मोबील नावाचं बंदर आहे. फोनच्या मोबाइलशी त्याचा संबंध नाही. नदीचं नावही मोबीलच. शहराच्या उत्तरेला ही नदी दलदलीत शिरते, तिला फाटे फुटतात, मधे गवताळ चिखल आणि पाण्यात उभी असलेली झाडं. अशा संथ फाट्याला तिकडे ‘बायू’ म्हणतात. बिग बायू कॅनो हा त्यातलाच एक.

त्या बायूवर १९०९ मध्ये रेल्वेपूल बांधला गेला. त्याचा एक गाळा मुद्दाम असा केला होता, की पुढे गरज पडली तर यंत्रं बसवून तो खांबावर आडवा फिरवता यावा आणि बोटींना वाट मिळावी. ती गरज पडलीच नाही. बायूतून व्यापारी वाहतूक जात नव्हती, त्यामुळे यंत्रं बसली नाहीत, पूल उघडायला माणूस आला नाही, त्याची चौकी उभी राहिली नाही. पूल फिरता म्हणून जन्मला आणि स्थिर म्हणून जगला.

पण फिरण्यासाठी केलेला गाळा नुसता ‘फिरवायचा नाही’ असं ठरवल्याने स्थिर होत नाही. त्याला खाली जखडून टाकावं लागतं. तसं पुरेसं जखडणं झालेलं नव्हतं. वरून गाडीचं ओझं कितीही आलं तरी पूल ते पेलत होता. बाजूने धक्का देणारं तिथे कुणी येणारच नव्हतं, मग त्याचा विचार कोण करणार?

खरा फिरता पूल असता, तर तिथे बोटींसाठी दिवे असते, खांबांभोवती धक्के झेलणारं कुंपण असतं, आणि पूल जागेवर बसून अडसर लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊ न देणारी यंत्रणा असती. नावापुरता स्थिर असल्याने या पुलाच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही.

३५ वर्षं आधी : सिग्नल खरं बोलतो

१५ सप्टेंबर १९५८, न्यू जर्सीतला न्यूअर्क बे. सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीची सकाळची गाडी कामाला निघालेल्या माणसांना घेऊन चालली होती. पुढचा उचलता पूल एका जहाजासाठी वर घेतलेला होता. सिग्नल नियमाप्रमाणे थांबण्याचे होते. तरीही गाडी त्यांना ओलांडून गेली आणि इंजिनं पाण्यात कोसळली. ४८ माणसं गेली.

नॉरवॉक आणि न्यूअर्क बे यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे यंत्र खरं बोलत होतं आणि माणूस चुकला. अशा अपघातांतून रेल्वेच्या माणसांच्या मनात एक धडा पक्का होत गेला : आपल्या डोळ्यांपेक्षा सिग्नलवर विश्वास ठेवा. लाल तर थांबा, हिरवा तर चला. एरवी हा धडा बरोबरच आहे.

पाच महिने आधी : किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत

एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकेत प्रवासी गाड्या चालवणाऱ्या ॲमट्रॅक कंपनीने आपली जुनी ‘सनसेट लिमिटेड’ गाडी पूर्वेला मायामीपर्यंत वाढवली. लॉस एंजेलिसहून निघून अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच गाडीने जायचं, ही ॲमट्रॅकच्या इतिहासात पहिलीच सोय. न्यू ऑर्लिन्सच्या पुढचा मार्ग सीएसएक्स या मालगाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या रुळांवरून जात होता. बायू कॅनोचा पूलही तिचाच. दुमजली डबे, भोजनाचा डबा, मोठ्या काचांचा बैठकीचा डबा असलेली ही सुट्टीच्या माणसांची गाडी होती.

सुमारे साडेतीन तास आधी : न्यू ऑर्लिन्स

२१ सप्टेंबरची रात्र. न्यू ऑर्लिन्स स्थानकावर गाडी खोळंबली आहे. एका डब्याचं वातानुकूलन आणि एक संडास दुरुस्त करायचा आहे. तीन इंजिनं, आठ डबे, प्रवासी आणि कर्मचारी मिळून २२० माणसं. सगळ्यात पुढचं इंजिन अगदी कोरं, सेवेत येऊन काही आठवडेच झालेले.

गाडी सुटली ती साधारण अर्धा तास उशिरा.

या अर्ध्या तासाबद्दल पुढे खूप बोललं गेलं. गाडी वेळेवर असती तर धक्का बसण्याआधीच पुलावरून निघून गेली असती, हे खरं आहे. पण संडासाच्या नळाला दोष देऊन हिशेब मिटत नाही. पूल सरकणारच होता आणि सिग्नल हिरवाच राहणार होता. ही गाडी वाचली असती, तर त्या हिरव्या सिग्नलने पुढची कुठली तरी गाडी पुलावर आणली असती.

मध्यरात्रीनंतर : नदीवर

मोबील नदीतून ‘मोव्हिला’ नावाची टोबोट सहा बार्ज ढकलत वर निघाली आहे. गोव्याच्या मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आकाराचा अंदाज येईल. फरक इतकाच, की या बार्जना स्वतःचं इंजिन नसतं. तारदोरांनी एकीला एक बांधून त्यांची मोट करतात आणि टोबोट ती मोट मागून रेटते. सुकाणू धरणारा माणूस सगळ्यात मागे असतो आणि मोटेचं नाक त्याच्यापासून पार लांब, अंधारात. वाहून नेलेल्या वजनामुळे ही मोट वळते हळू आणि थांबते त्याहून हळू.

बोटीवर चार माणसं. कॅप्टन झोपला आहे. पाळी पायलटची. त्याच्याकडे परवाना आहे, समोर रडार आहे. मात्र रडारच्या पडद्यावरचे ठिपके वाचून वाट काढण्याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नाही. परवाना देणाऱ्यांनी ते मागितलं नव्हतं आणि वॉरियर अँड गल्फ नॅव्हिगेशन या त्याच्या कंपनीनेही ते तपासलं नव्हतं. बोटीवर होकायंत्र नाही, नदीचा नकाशा नाही. नदी रोजची, वाट पाठ, डोळ्यांना दिसतंय तोवर या कशाची गरज भासत नाही.

दोननंतर : धुकं

मग धुकं उतरतं. सप्टेंबरअखेरची दमट रात्र आणि दलदलीवर साचलेली हवा. बघता बघता काठ दिसेनासा होतो. पायलट ठरवतो की पुढे जाण्यात अर्थ नाही. कुठे तरी काठाला लागावं, बार्ज बांधाव्यात, धुकं विरेपर्यंत थांबावं. हा निर्णय योग्यच होता.

काठ शोधत असताना बोट नदीच्या मुख्य पात्रातून बायूच्या फाट्यात शिरली. पायलटला ते कळलं नाही. तो नदीतच आहे असं त्याला वाटत राहिलं. रडारवर पुढे एक आडवी रेघ उमटली. नदीवर अशी रेघ म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी बार्जची मोट, काठाला थांबलेली. बरं झालं, तिलाच दोर लावू. तो तिच्या दिशेने हळूहळू सरकू लागला.

ती रेघ पुलाची होती. नदीच्या या भागात पूल नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते खरंही होतं. फक्त तो नदीत नव्हता.

२:३० च्या सुमारास : मोबील स्थानक

गाडी मोबीलला थांबली, काही मिनिटांत सुटली. गल्फपोर्ट, बिलॉक्सी अशी समुद्रकाठची गावं मागे पडली होती. प्रवासी बहुतेक झोपेत, कुणी बसल्या जागी मान टाकून, कुणी शयनयानात. शहर संपलं की पुढे दलदल, आणि रुळांशिवाय तिथे दुसरी वाट नाही. इंजिनात तीन चालक होते.

२:४५ : धक्का

मोटेचं नाक कशाला तरी लागलं. पायलटला वाटलं, बोट गाळात रुतली. नदीत हे नेहमीचंच. दोर तुटून काही बार्ज सुटल्या होत्या, तेव्हा पहिलं काम त्यांना गोळा करण्याचं.

वर पुलाचा गाळा सुमारे ३८ इंच, म्हणजे जवळजवळ एक मीटर, बाजूला सरकला होता. फिरण्यासाठीच केलेला तो गाळा. ८४ वर्षांत त्याला कुणी फिरवलं नव्हतं. आज एका वाट चुकलेल्या बार्जने ते केलं.

२:४५ ते २:५३ : आठ मिनिटं

या आठ मिनिटांत कुणाला काय माहीत होतं, ते एकेक करून पाहण्यासारखं आहे.

पायलटला माहीत होतं की काहीतरी लागलं. पूल लागला हे माहीत नव्हतं. समजा ते कळलं असतं, त्याने रेडिओ उचलला असता, तरी सांगणार काय? कोणत्या पुलाला धडकलो? आपण कुठे आहोत हेच त्याच्या लेखी चुकलेलं होतं. हे सांगायचं तरी कुणाला? पुलावर चौकी नव्हती, तिथे वाजेल असा फोन नव्हता.

सीएसएक्सच्या नियंत्रण कक्षाला माहीत होतं की मार्ग मोकळा आहे. पडद्यावर तसंच दिसत होतं.

सिग्नलला माहीत होतं ते रुळांतल्या विजेला माहीत होतं तितकंच. आणि इथे सगळ्या गोष्टीचा पेच आहे. पुलावरचे रूळ जुन्या पद्धतीने जागोजाग सांधलेले नव्हते, लांबच लांब जोडून एकसंध केलेले होते. गाळा सरकला तसे ते वाकले, पिळले, पण तुटले नाहीत. पोलाद चांगलं होतं. वीज वाकड्या रुळातून तितक्याच सुरळीत वाहत राहिली, रिले उचललेला राहिला. रुळावर गाडी आहे? नाही. रूळ अखंड आहे? आहे. विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं अचूक होती. पूल कुठे आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

रूळ तकलादू असता आणि तटकन तुटला असता, तर सिग्नल लाल झाला असता. धक्का बसला तेव्हा गाडी पुलापासून फार तर पंधरा किलोमीटरवर असणार. तिला थांबायला त्यातलं थोडंसंच अंतर पुरलं असतं.

इंजिनातल्या तिघांना माहीत होतं की सिग्नल हिरवा आहे. नॉरवॉक आणि न्यूअर्क बे यांनी शिकवलेला धडा त्यांनी तंतोतंत पाळला. समोर धुकं, दिव्याचा झोत थोड्याच अंतरावर विरलेला, वेग ताशी सुमारे ११५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला तीस मीटरहून जास्त. वाकडा रूळ दिसला असेलच, तर तो दिसून काही उपयोग होण्याइतका वेळ उरला नव्हता.

२:५३ : बायू कॅनो

इंजिन सरकलेल्या गाळ्याच्या गर्डरवर आदळलं आणि गाळा कोसळला. तिन्ही इंजिनं पुढे फेकली गेली. पहिलं समोरच्या काठाच्या चिखलात तोंड खुपसून गाडलं गेलं. त्यामागे सामानाचा डबा, कर्मचाऱ्यांचा डबा आणि प्रवाशांचे दोन डबे पाण्यात गेले. इंजिनांच्या टाक्या फुटल्या आणि डिझेलने पेट घेतला. मागचे डबे तुटक्या पुलाच्या कडेवर आणि त्यामागच्या रुळांवर राहिले.

पाण्यात गेलेल्या डब्यांत दिवे विझले. दुमजली डब्यातली माणसं अंधारात, वाढत्या पाण्यात खिडक्या चाचपडत होती. ज्यांना खिडकी सापडली ती बाहेर पडली, काहींनी दुसऱ्यांना बाहेर ढकललं. मेलेल्यांपैकी बहुतेक बुडून गेले.

४२ प्रवासी आणि ५ कर्मचारी असे ४७ जण दगावले, इंजिनातल्या तिन्ही चालकांसह. १०३ प्रवासी जखमी झाले. ॲमट्रॅकच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही.

तीननंतर : पहाट

मोव्हिलावरच्या माणसांना धुक्यातून आगीचा उजेड दिसला. आपण गाळात रुतलो नव्हतो, हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. ते तिकडे गेले, आणि पाण्यातून पहिली माणसं बाहेर काढणाऱ्यांत तेच होते.

गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी रेडिओवरून मदत मागितली. पण मदत यायची कुठून? दलदलीत रस्ता नव्हता. जागेचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं नव्हतं. बोटी आणि हेलिकॉप्टर धुक्यातून चाचपडत आले. वाचलेल्यांना नेण्यासाठी रुळांवरूनच एक गाडी पाठवावी लागली. ज्या वाटेने ते आले होते त्याच वाटेने परत मोबीलला.

एका वर्षाच्या आत : अहवाल

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये अहवाल दिला. धुक्यात पायलट वाट चुकला, कारण त्याला रडारवर बोट हाकता येत नव्हती. ती येते की नाही हे कंपनीने पाहिलं नव्हतं, आणि परवान्यासाठी त्याहून कडक अट तटरक्षक दलाने घातली नव्हती. पुढे टोबोट चालवणाऱ्यांसाठी रडारचं शिक्षण आलं, बोटीवर होकायंत्र आणि नकाशे ठेवण्याचे नियम आले.

मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली. कुठला पूल बोटीच्या धडकेला किती कच्चा आहे, हे देशभर पाहण्याची पद्धतच नव्हती. पुलावरून जाणाऱ्यांचा हिशेब रेल्वेकडे होता, पुलाखालून जाणाऱ्यांचा तटरक्षक दलाकडे. ज्या बायूतून अधिकृतपणे कुणी जात नाही, तो कुणाच्याच वहीत नव्हता.

वाचकाला वाटेल, या गोष्टीचा धडा उघड आहे. सिग्नलला तिसरा प्रश्नही विचारायला शिकवा. पूल जागेवर आहे का, हे सांगणारी यंत्रणा बसवा, आणि तिने ‘नाही’ म्हटलं की गाडी थांबवा. धडा बरोबर आहे. फक्त तो पुरेसा नाही. तशी यंत्रणा असलेल्या एका पुलाची वेळ १९ वर्षांनी आली.

१९ वर्षांनंतर : पॉल्सबरो, ३० नोव्हेंबर २०१२

न्यू जर्सीतलं पॉल्सबरो, सहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथल्या मँटुआ क्रीकवर कॉनरेल कंपनीचा रेल्वेपूल. हा खरा फिरता पूल होता. हंगामात खालून हौशी लोकांच्या होड्या जात, म्हणून तो एरवी उघडा असे आणि गाडी आली की बंद होई. पूर्वी अशा पुलावर उघडझाप करायला माणूस बसे. इथे ते काम दुरून होत होतं. गाडीतूनच रेडिओने आज्ञा द्यायची. मग पूल वळून जागेवर येतो, रुळांच्या टोकांना सरकते अडसर बसतात, आणि ते पुरते बसल्याची खात्री यंत्रणेला पटली तरच सिग्नल हिरवा होतो. बायू कॅनोच्या सिग्नलला जो प्रश्न ठाऊक नव्हता, तो याला नेमका ठाऊक होता.

पहाटे कॉनरेलची मालगाडी पुलाशी आली. दोन इंजिनं आणि ८२ डबे. त्यांतल्या काही टाक्यांत व्हिनाइल क्लोराइड होतं. आपल्या घरातले पीव्हीसीचे पाइप ज्याच्यापासून बनतात तो वायू, हवेत घातक आणि कर्करोगाला कारण. गाडीतून आज्ञा गेली. सिग्नल लालच राहिला. पुन्हा आज्ञा, पुन्हा लाल.

हा पूल कुरकुरतो हे सगळ्यांना माहीत होतं. २००९ मध्ये याच पुलावर एक गाडी घसरली होती. अलीकडे बिघाडाच्या तक्रारी वाढत चालल्या होत्या. रोज खोटी हाक देणाऱ्याचं होतं तेच लाल सिग्नलचं झालं. तो लाल आहे याचा अर्थ ‘पूल बसलेला नाही’ असा न राहता ‘सिग्नल पुन्हा बिघडला’ असा होत गेला. अशा वेळी नियम होता : कंडक्टरने उतरून पूल बघावा, ठीक असेल तर नियंत्रकाकडून परवानगी घेऊन लाल ओलांडावा.

कंडक्टर उतरला, चालत पुलावर गेला. अडसर पाहिले. त्याला ते बसलेले वाटले. परवानगी मिळाली.

गाडी अगदी सावकाश निघाली. दोन्ही इंजिनं आणि पहिले डबे पलीकडे गेले. मग वजनाखाली पूल फिरला आणि रूळ रुळाला मिळेनासा झाला.

६:५९

सहाव्यापासून बाराव्यापर्यंत सात डबे घसरले. चार टाक्या खाडीत पडल्या. एक फुटली आणि सुमारे २०,००० गॅलन, म्हणजे ७५,००० लिटरच्या घरात व्हिनाइल क्लोराइड बाहेर आलं. खाडीवर पांढरा ढग पसरला. २८ रहिवाशांना दवाखाना गाठावा लागला. गाडीची माणसं आणि मदतीला धावलेले अनेक जण त्या ढगातच वावरले. पुढे लोकांना घरं सोडावी लागली. कुणी दगावलं नाही.

सुरक्षा मंडळाने दोष कंडक्टरच्या डोळ्यांना दिला नाही. सरकते अडसर पुरते बसलेले नव्हते, हे सिग्नल सांगतच होता. आणि ते बसलेत की नाही हे कसं ओळखायचं, अडसराची कोणती कड कुठे टेकलेली दिसली पाहिजे, हे त्या माणसाला कंपनीने कधी नीट शिकवलेलंच नव्हतं. तो पुलावर गेला होता तो पाहुणा म्हणून.

जुन्या काळच्या पुलावरच्या माणसाकडे कुठलं मोठं शास्त्र नव्हतं. त्याला इतकंच ठाऊक असे, की रोज अडसर बसताना आवाज कसा येतो आणि आज तो वेगळा आला की नाही. पूल दुरून चालवायचं ठरलं तेव्हा त्याचा हात यंत्राने घेतला. डोळ्याचं काम सिग्नलकडे गेलं. त्याच्या कानाचं काम कुणाकडे द्यायचं, ते यादीत कुणी लिहिलं नाही.

बायू कॅनोला त्या रात्री पुलावर माणूस नव्हता. पॉल्सबरोला होता. त्या सकाळी तो अडसरापासून हातभर अंतरावर उभा होता, वाकून बघत होता, आणि त्याच्यामागे सिग्नल लाल होता.